आडवी मुंबई

लोकलनं फिरणाऱ्याला मुंबई उभी कळते, आडवी कळत नाही. चर्चगेटहून किंवा सीएसएमटीहून वर जायचं, तसंच खाली यायचं. स्टेशनं पाठ होतात, पण दोन लायनींच्या मध्ये काय आहे याचा पत्ता नसतो. मी नांदेडहून नोकरीला आले, घोडपदेवला खोली घेतली आणि बरेच महिने माझी मुंबई भायखळा स्टेशन आणि फोर्टातलं ऑफिस एवढीच होती. लोअर परळच्या मैत्रिणीकडे जायचं तर भायखळ्याहून दादर, तिथला पूल, मग पश्चिम रेल्वेनं परत खाली. करी रोडला उतरून चालत गेलं तर लोअर परळ दहा मिनिटांवर आहे, हे मला एका टॅक्सीवाल्यानं सांगितलं. एवढ्या जवळचं भाडं त्याला नको असावं.

मग ठरवलं, शहर आडवं चालायचं. कुलाब्यापासून माहीम-शीवपर्यंतची जुनी मुंबई रुंदीला फार नाहीच. पश्चिमेच्या पाण्यापासून पूर्वेच्या बंदरापर्यंत एका सकाळीत आरामात होतं. एका किनाऱ्यावरून निघायचं, वाटेतली रेल्वे ओलांडायची आणि अडल्याशिवाय फोनमधला नकाशा उघडायचा नाही, एवढाच नियम. रविवारी मेगाब्लॉक असतो, रस्ते रिकामे असतात. पण बाजाराचा भाग असेल तर शनिवार बरा, कारण रविवारी नुसती शटरं बघावी लागतात. ऑक्टोबरात कोणी हा उद्योग करू नये.

सुरुवात गिरगाव चौपाटीपासून केली, आणि अजूनही कोणी विचारलं तर हीच वाट सांगते. ठाकुरद्वारच्या बाजूनं आत शिरलं की खोताची वाडी, तिथली लाकडी गॅलऱ्यांची बैठी घरं. जवळच केशवजी नाईकांच्या चाळी. 1893 पासून तिथं सार्वजनिक गणपती बसतो. इथपर्यंत कानावर मराठी. सी. पी. टँकच्या चौकात आलं की गुजराती. टँक म्हणजे तलाव, पण पाणी कधीच बुजवलं. नाव उरलं आणि त्याच्याभोवती ट्रॅफिक फिरतं. पुढं माधवबाग, भुलेश्वर, पांजरापोळ. गजऱ्यांच्या ढिगांशेजारी भरवस्तीत गाई बांधलेल्या, आणि त्यांना चारा घालणाऱ्या बायकांची रांग. मुंबादेवीवरून झवेरी बाजार ओलांडला की मोहम्मद अली रोड, डोक्यावर जे. जे. उड्डाणपूल, दुकानांच्या पाट्यांवर उर्दू. मग मशीद बंदरची हातगाड्यांची गर्दी, मिरचीचा ठसका आणि भात बाजारातली 1876 सालची प्याऊ, म्हणजे पाणपोई. तीही केशवजी नाईकांच्याच नावाची! चालत तासभराचंही अंतर नाही, त्यात तीन भाषा ऐकल्या आणि जेवायला कुठं बसावं हा प्रश्न तीनदा पडला. ट्रेननं मला हे कधीच दिसलं नसतं, कारण चर्नी रोड एका लायनीवर आणि मशीद दुसऱ्या.

रस्ता कोणाला विचारावा, हेही हळूहळू कळलं. डिलिव्हरीवाल्या पोरांना विचारू नये, ते स्वतःच फोनमध्ये बघत असतात. इस्त्रीवाला सर्वांत भरवशाचा. मात्र तो जुनं नाव सांगणार. नकाशात ना. म. जोशी मार्ग, तोंडात डिलाईल रोड. दादरला टीटी म्हणतात ते ट्रॅम टर्मिनसचं. मुंबईतली शेवटची ट्रॅम 31 मार्च 1964 ला बंद झाली, तरी बसमध्ये लोक अजून ‘एक टीटी’ म्हणूनच तिकीट मागतात.

दुसरी मोठी वाट वरळी कोळीवाडा ते शिवडी. ही दमवते. कोळीवाड्यातून वरळी नाका, बीडीडी चाळी. ब्रिटिशांच्या विकास खात्यानं 1920 च्या दशकात बांधलेल्या, आता एकेक पाडून तिथं टॉवर उभे राहताहेत. पुढं लोअर परळचा पूल, डिलाईल रोड, करी रोडचा पूल, भारतमाता, लालबाग. या सगळ्या पट्ट्यात चिमण्या होत्या गिरण्यांच्या. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, आणि बऱ्याच गिरण्यांचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आहे, हे सगळ्यांना माहीत असतं. चालताना कळतं ते वेगळंच: मॉलची भिंत संपते आणि लगेच चाळ सुरू होते, मध्ये काहीच नाही.

लालबागला मसाला दळणाऱ्या दुकानासमोर पाणी पीत उभी होते. शेजारच्या आजींनी विचारलं, “कुठून आलीस गं?”

“वरळीहून. शिवडीला चाललेय.”

“चालत? का, बस बंद हायत?”

“नाही आजी, अशीच.”

त्यांनी मला नीट वरपासून खालपर्यंत पाहिलं. “लग्न नाय झालेलं वाटतं.”

काळाचौकीवरून शिवडीला पोचले तेव्हा भरती होती, त्यामुळे फ्लेमिंगो लांब कुठंतरी गुलाबी रेघ होऊन बसलेले. जेट्टीवर जायचं तर ओहोटीचं वेळापत्रक बघून जावं.

एकट्या बाईनं चालायचं तर खरा प्रश्न नजरांपेक्षा बाथरूमचा असतो, हे मी स्पष्टच सांगते. म्हणून माझ्या सगळ्या वाटा स्टेशनं, मॉल आणि उडप्याची हॉटेलं यांना बांधलेल्या आहेत. यात मोकळेपणा कमी होतो. पर्याय नाही.

पावसाळ्यात बंद ठेवेन म्हणाले होते, पण पावसातच जमीन सर्वांत नीट कळली. मी राहते ती माझगावची बाजू चढाची. भायखळा ओलांडून नागपाडा, कामाठीपुऱ्याकडं निघालं की पाय आपोआप उताराला लागतात. तिकडं एकेकाळी वरळीच्या खिंडीतून समुद्र आत यायचा. 1784 च्या सुमारास हॉर्नबी वेलार्डचा बांध पुरा झाला, भरतीचं पाणी अडलं आणि मधली दलदल हळूहळू भरली गेली. सात बेटांची मुंबई शाळेत पाठ केली होती, पण कुठलं बेट आणि कुठली भर, हे पोटऱ्यांना कळलं. हिंदमाताला दर पावसात पाणी का तुंबतं, यावर मी आता ऑफिसात व्याख्यान देते. कोणी ऐकत नाही.

पूर्व किनारा मात्र अजून मला पुरता सापडलेला नाही. पश्चिमेला कुठूनही निघा, शेवटी समुद्र दिसतो. पूर्वेला बंदराची भिंत दिसते, गोदामं आणि ट्रक दिसतात. पाण्यापर्यंत बिनदिक्कत जाता येतं अशी एक जागा म्हणजे भाऊचा धक्का. म्हणून त्या बाजूच्या कितीतरी फेऱ्या मी तिथं संपवल्या आणि एकदा तर थेट रेवसच्या लाँचमध्ये जाऊन बसले.

उपनगरांत हा हिशोब चालत नाही. तिथली रुंदी मोठी, आणि अंधेरी-कुर्ला रस्त्यावर फुटपाथ कुठं संपेल याचा नेम नाही. घाटकोपर ते अंधेरी चालायचा विचार होता. साकीनाक्याला, डंपर आणि रिक्षांच्या मध्ये, तो सोडून दिला. उभ्या लायनींच्या या शहरात 2014 ला पहिली मेट्रो आली ती आडवी, आणि इथंच, वर्सोवा ते घाटकोपर. जिना चढून तिच्यात बसले. चकाल्याला उतरून पुढचं अंधेरी चालत केलं.