माझं वैद्यकीय इच्छापत्र : नोटरी, वॉर्ड ऑफिस आणि नाकातली नळी

वॉर्ड ऑफिसातल्या आरोग्य विभागाच्या खिडकीतून मी कागद आत सरकवला. आतल्या मुलाने वर न बघताच विचारलं, "मयताचं नाव?" मी माझं नाव सांगितलं. त्याने ते लिहूनही घेतलं. "मृत्यूची तारीख?" म्हटलं, "ती अजून ठरायची आहे." तेव्हा कुठे त्याने मान वर केली.

तो कागद म्हणजे माझं वैद्यकीय इच्छापत्र, ज्याला लिव्हिंग विल म्हणतात ते: पुढे मला बोलता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवलेलं. वय ६२, रक्तदाब सोडला तर ठणठणीत. बँकेत ३१ वर्षं काढली. वारसनोंद नसल्यामुळे सख्खे भाऊ काउंटरवर एकमेकांवर धावून जाताना पाहिलेत, त्यामुळे कागद करून ठेवायची मला खोड आहे. पण हा कागद त्या खोडीतून आलेला नाही. आमच्या घरात चार वर्षांच्या अंतराने दोन मरणं झाली, त्यांतून आला.

पहिलं अण्णांचं, माझ्या वडिलांचं, २०१९ साली. वय ८४, दोन्ही किडन्या निकामी. डॉक्टर म्हणाले, आठवड्यातून तीनदा डायलिसिस. अण्णा म्हणाले, "नको." आम्ही भावंडं गलका करायला लागलो तसं डॉक्टरांनी आम्हाला बाहेर काढलं आणि ते एकटे अण्णांशी बोलले. दोन दिवसांनी पुन्हा तेच विचारलं. उत्तर तेच. त्यांनी केसपेपरवर लिहिलं की रुग्णाला परिणाम समजावून सांगितले आहेत व त्याने डायलिसिस नाकारलं आहे. खाली अण्णांची थरथरती सही. ना कोर्ट, ना पंच. शुद्धीवर असलेल्या सज्ञान माणसाने नको म्हटलं की बळजबरीने उपचार करता येत नाहीत, विषय संपला. अण्णा सर्वोदयवाले. ते मला म्हणाले, "विनोबांनी पवनारला काय केलं होतं?" १९८२ च्या नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत, विनोबांनी अन्न आणि औषध दोन्ही बंद करून देह ठेवला, तेव्हा मी कॉलेजात होते. अण्णांनी अन्न काही सोडलं नाही. उलट किडनीच्या पथ्यामुळे दोन वर्षं बंद असलेलं टोमॅटोचं सार त्यांनी मागितलं. डॉक्टर म्हणाले, "द्या." वाटीभर प्याले आणि वर म्हणाले, मीठ कमी आहे.

शेवटच्या आठवड्यात धाप लागायला लागली. एका रात्री त्यांनी डॉक्टरांचा हात धरला. "एक इंजेक्शन दे बाबा, आणि मोकळं कर." डॉक्टर खाटेच्या कडेला बसले. "अण्णा, तुम्ही नको म्हणालात ते मी ऐकलं. हे मात्र माझ्याकडून व्हायचं नाही. धाप कमी करायचं औषध देतो." मग मॉर्फीन आलं, अगदी थोडं, कारण किडनी चालत नसली की ते शरीरात साठतं. दादाने मला स्वयंपाकघरात गाठलं. "हेच ना ते इंजेक्शन?" त्याचा चेहरा पांढरा पडला होता. मी डॉक्टरांनाच विचारलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "संपवायचं असतं तर मी थेंब मोजत बसलो असतो का? त्यांना झोप लागावी म्हणून देतोय. सकाळी सहाला मला फोन करून धाप कशी आहे ते सांगा." अण्णा त्यानंतर सहा दिवस होते.

नकार, औषध आणि मागितलेलं पण न मिळालेलं इंजेक्शन, हे तिन्ही एकाच खोलीत बघितल्यामुळे पेपरात सगळ्याला मिळून 'इच्छामरण' लिहिलेलं दिसलं की मला राग येतो. हा शब्द भीष्माचा. उत्तरायणाची वाट बघणाऱ्या भीष्माशी अण्णांच्या डायलिसिसचा काय संबंध? रुग्णाने मागितलं तरी डॉक्टरने इंजेक्शन देऊन मारणं आपल्या कायद्यात गुन्हाच आहे. आणि उपचार थांबवण्याला जे 'निष्क्रिय इच्छामरण' म्हणतात, ती संज्ञा वापरू नये असं भारतीय वैद्यक संशोधन परिषदेनेही २०१८ मध्ये सांगून झालंय. ऐकतो कोण!

दुसरं मरण वन्संचं. माझ्या मिस्टरांची मोठी बहीण, लग्न केलं नव्हतं, आमच्याकडेच असायच्या. चहा पिताना शंभरदा म्हणाल्या असतील, "मला नळ्या लावू नका गं." २०२३ च्या पावसाळ्यात मेंदूत रक्तस्राव झाला. रात्री दोनला मिस्टरांनी आयसीयूच्या सहा कागदांवर सह्या केल्या, एकही न वाचता. आठवड्याभराने डॉक्टर म्हणाले, आता शुद्ध येणार नाही. मी म्हटलं, मग व्हेंटिलेटर काढा, त्यांचीच इच्छा होती. "लेखी आहे?" नव्हतं. "मग ते इच्छामरण होईल मॅडम, हायकोर्टाची परवानगी लागेल." अमेरिकेतल्या पुतण्याचा रोज व्हिडिओ कॉल, "काका, डू एव्हरीथिंग." बिल वाढायला लागल्यावर मात्र त्याच हॉस्पिटलने वेगळा रस्ता सुचवला. 'वैद्यकीय सल्ल्याविरुद्ध' सही करा आणि अ‍ॅम्ब्युलन्समध्ये श्वास द्यायचा फुगा हाताने दाबत घरी घेऊन जा. म्हणजे त्यांनी थांबवलं तर गुन्हा, आणि आम्ही लिफ्टमधून खाली नेलं तर आमची जबाबदारी. मिस्टरांनी सही केली नाही. बाविसाव्या दिवशी वन्सं गेल्या.

नंतर वाचलं तर कळलं की डॉक्टरांची माहिती शिळी होती. हायकोर्टाच्या परवानगीची अट अरुणा शानबाग खटल्यातली, २०११ ची. ९ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने इच्छापत्राला मान्यता दिली, पण त्यावर न्यायदंडाधिकाऱ्यांची सही हवी म्हटलं. २४ जानेवारी २०२३ ला तीही अट काढली. आता दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरतात. बरं होण्याची आशा उरली नाही की आधी हॉस्पिटलचं मंडळ बघतं, उपचार करणारे डॉक्टर आणि किमान पाच वर्षं अनुभवाचे दोन तज्ज्ञ. मग दुसरं मंडळ, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी नेमलेला एक डॉक्टर. दोघांनीही शक्यतो ४८ तासांत मत द्यायचं. उपचार काढण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांना नुसतं कळवायचं. आणि इच्छापत्र नसलं तरी नातेवाइकांच्या संमतीने याच वाटेने जाता येतं. वन्संच्या वेळी हे लागू होऊन सहा महिने झाले होते.

म्हणून गेल्या वर्षी मी बसले लिहायला. पहिल्या मसुद्यात ऐटीत लिहिलं, "मला व्हेंटिलेटर लावू नये." फॅमिली डॉक्टरांनी त्यावर काट मारली. "उद्या न्यूमोनिया झाला आणि चार दिवस मशीनवर राहून तुम्ही घरी येणार असलात, तरी नको?" तसं नको नव्हतं. मग नकोनकोची यादी फाडून लिहिलं की बरं होण्याची शक्यता नाही असं दोन्ही मंडळांनी ठरवलं, तर व्हेंटिलेटर, डायलिसिस, हृदय थांबल्यावर छाती दाबणं नको. वेदना आणि धाप यांवरचं औषध मात्र शेवटपर्यंत हवं.

अडले ती पोटात अन्न सोडायच्या नाकातल्या नळीपाशी. मशीनला नको म्हणताना हात थरथरला नाही, पण पेजेला? आपल्याकडे दारात आलेल्यालाही उपाशी पाठवत नाहीत. अरुणा शानबागच्या वेळी नेमका हाच मुद्दा होता. मुंबईच्या केईएम रुग्णालयातली ही परिचारिका २७ नोव्हेंबर १९७३ च्या हल्ल्यानंतर भान हरपून अंथरुणाला खिळून होती. पत्रकार-लेखिका पिंकी विराणी, तिचं भरवणं थांबवावं म्हणून, तिच्या वतीने न्यायालयात गेल्या. केईएमच्या परिचारिका म्हणाल्या, आम्ही तिला भरवतो, आम्हीच सांभाळू. न्यायालयाने त्यांचं ऐकलं, आणि ती १८ मे २०१५ पर्यंत जगली. तेव्हा मला वाटायचं, केवढी माया! आजही वाटतं. पण तिला काय हवं होतं हे कुणालाच माहीत नव्हतं, तिने कुठे लिहून ठेवलेलं नव्हतं. पंधरा दिवस घोळ घालून मी लिहिलं, "गिळता येईल तोवर चमच्याने भरवावं. गिळता येईनासं झालं तर नळी नको." लेक म्हणाली, "आई, हे मला करायला लावू नकोस." म्हणून निर्णय सांगणाऱ्यांत तिच्याबरोबर दादाचं नाव घातलं. एकापेक्षा जास्त नावं देता येतात.

कोर्टाजवळच्या पहिल्या नोटरीने मथळा वाचला आणि कागद परत केला. "आत्महत्येचं मी करत नाही ताई." दुसऱ्याने केलं, पण ५०० च्या स्टॅम्पपेपरवरच. निकालात स्टॅम्पपेपरचा शब्द नाही, तरी वाद घातला नाही. साक्षीदार म्हणून शेजारचे जोशीकाका-काकू आले, दोघेही आमचे वारस नाहीत म्हणून मुद्दाम तेच. काका सही करून म्हणाले, "आता चहा तरी पाजा, जिवंत आहात तोवर."

एक प्रत लेकीकडे, एक दादाकडे, एक फॅमिली डॉक्टरांकडे. एक प्रत स्थानिक संस्थेने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे द्यायची असते. हे अधिकारी नेमलेच जात नव्हते म्हणून मुंबईच्या डॉ. निखिल दातारांनी उच्च न्यायालयात जनहित याचिका केली. गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनकांनी २०२४ मध्ये स्वतःचं इच्छापत्र नोंदवलं. आमच्या वॉर्ड ऑफिसात मात्र तीन टेबलं आणि दोन फेऱ्या झाल्या. शेवटी आरोग्य अधिकारी बाई स्वतः बाहेर आल्या, नेमणुकीचा आदेश फायलीतून काढून त्या मुलाला दाखवला आणि मला म्हणाल्या, "बसा. तुमची पहिलीच केस आहे." आवक क्रमांक आणि गोल शिक्का मारलेली पोच मिळाली. बँकवाल्या बाईला आणखी काय हवं! ती पर्समध्ये आधार कार्डामागे आहे. मत बदललं तर लेखी रद्दही करता येतं.

मिस्टरांचा कागद टाइप होऊन टेबलाच्या खणात आहे, विजेच्या बिलांखाली. नळीची ओळ त्यांनी पेन्सिलीने खोडली, परत लिहिली, परत खोडली. जोशीकाका जिन्यात भेटले की विचारतात, "भाऊसाहेबांची सही कधी? चहा बाकी आहे." हे म्हणतात, पावसाळा जाऊ दे.