तुम्ही विचारलंत म्हणून: "तो हात काढून का टाकत नाहीस?"

माझ्या लुळ्या डाव्या हाताबद्दल हा प्रश्न सगळीकडे येतो, लोकलमध्ये, लग्नात, परवा तर आमच्या बिल्डिंगच्या लिफ्टमध्ये. हलत नाही, वर दुखतो म्हणतेस, मग ठेवलायस कशाला. मावशीने तर दाढेचं उदाहरण दिलं, किडलेली दाढ ठेवतो का आपण? इतके दिवस हसून विषय बदलला, आज एकदाच लिहून टाकते.

अॅक्सिडेंट परत सांगत नाही. पाऊस, खड्डा, अॅक्टिव्हा, मुंबईकरांना एवढं पुरे. मानेतून हाताकडे पाच नसा निघतात, माझ्या चार मणक्याच्या आतून मुळासकट उपटल्या. तुटल्या नाहीत, उपटल्या, हा फरक मलाही वर्षभर कळला नव्हता. बरगड्यांमधल्या नसा आणून दंडाच्या नसेला जोडल्या, नस दिवसाला साधारण 1 मिलिमीटर वाढते, तेव्हा कॅलेंडर बघत बसायचं. कोपर थोडं वाकतं. पंजा मेलेला.

आता तो रविवार. आई डोंबिवलीला गेलेली, मी हट्टाने एका हाताने पोळ्या करत होते. डावा हात ओट्यावर टेकवून ठेवते मी, खांद्याला ओढ कमी बसते. शेवटची पोळी उतरवली, तवा बाजूला ठेवला आणि तेवढ्यात त्या हातात दुखण्याचे करंट सुरू झाले. बोटं निखाऱ्यात धरल्यासारखी आणि मधूनच कोणीतरी अंगठा पिरगाळतंय. डोळे मिटून, दात आवळून आकडे मोजत होते, बहात्तर-त्र्याहत्तरला करपल्याचा वास आला, म्हटलं गेली पोळी. डोळे उघडले तर पोळी ताटात छान. तळहात तव्याला चिकटलेला होता. जिथे खरंच जळत होतं तिथे काहीच नाही, आणि जी बोटं तव्यापासून चार बोटं लांब होती ती पेटलेली. मी हात ओढला, आणि मग खाली फरशीवर बसून जोरात हसले, ते हसणं मला अजून आवडत नाही.

त्याच आठवड्यात ओपीडीत जाऊन मीच म्हणाले, डॉक्टर, कापून टाका. हो, तुमचाच प्रश्न. त्यांनी फोडाच्या बाजूला दाबलं. "कळतंय?" नाही. "मग मी नेमकं काय कापू?" दुखणं हातात नाहीच. मुळं जिथून निघाली तिथल्या मज्जारज्जूतल्या पेशींना खालून काही येत नाही, मग त्या आपल्याआपणच पेटत राहतात. मेंदूचे अभ्यासक रामचंद्रन यांनी 1990 च्या दशकात आरशाचा प्रयोग केला, चांगल्या हाताचं प्रतिबिंब गेलेल्या हाताच्या जागी दाखवायचं, त्यातला एक पेशंट अगदी माझ्यासारखा, मोटरसायकल, उपटलेल्या नसा. त्याने हात कापून घेतला होता. नसलेला हात कित्येक वर्षं तसाच जखडलेला आणि दुखणारा.

साध्या पेनकिलरचा उपयोग शून्य. नसांच्या दुखण्यावरच्या गोळ्या, प्रीगाबालिन आणि रात्री अॅमिट्रिप्टिलिन, त्याने धार बोथट होते, वजन वाढतं, तोंड कोरडं पडतं, मीटिंगमध्ये शब्द सापडत नाहीत. एकदा मनानेच बंद केल्या, परत नाही करणार. आरसा? कपाटाचा वापरून बघितला, पंधरा मिनिटं बरं वाटतं.

ऑपरेशन आहे एक, ड्रेझ म्हणतात, मज्जारज्जूतली ती जागाच जाळायची. बऱ्याच जणांचं दुखणं कमी होतं. पण त्याच बाजूच्या पायात कमजोरी येऊ शकते, आणि एक हात गेलेल्या बाईला पायाची रिस्क घे म्हणणं सोपं आहे का? दर पावसाळ्यात हो म्हणते, दिवाळीत नाही.

आणि खरं सांगू, वजनाने खांदा ओढतो म्हणून हात काढणारे असतात, त्यांना तेवढ्यापुरता आराम पडतोही. तेव्हा डॉक्टरांचं कारण मला सोयीचंच पडलं की काय, असं वाटतं कधी कधी. डाव्या हाताला नेलपॉलिश मी स्वतः लावते. उजव्याला आई लावून देते.