हॅलोवीनच्या ढंगात तीन गिटारी: सोळा बारांची कामाची नोंद

जर्मन पॉवर मेटल बँड हॅलोवीनचा 'जायंट्स अँड मॉन्स्टर्स' हा अल्बम २९ ऑगस्ट २०२५ ला आला. हे काम त्याच अल्बमवरून सुचलेलं आहे, पण त्यातलं गाणं बसवायचं नाही. त्या ढंगाचा स्वतःचा सोळा बारांचा (बार म्हणजे ठोक्यांचं एक आवर्तन) तुकडा करायचा, तीन गिटारींसाठी. काई हान्सेन आणि मिखाएल किस्के २०१६ मध्ये परतल्यापासून हॅम्बुर्गच्या या बँडमध्ये हान्सेन, वाइकाथ आणि गेर्स्टनर असे तीन गिटारवादक आहेत. तिघांना एकच रिफ (पुन्हा पुन्हा येणारा छोटा गिटारचा तुकडा) दिली की चिखल होतो, म्हणून कोणाला काय वाजवायला द्यायचं इथूनच सुरुवात.

मोजमाप: ई मायनर, १६० बीपीएम (मिनिटाला ठोके), स्टँडर्ड ट्यूनिंग, १०-४६ च्या तारा, १ मिमीपेक्षा जाड पिक.

बार १ ते ८, रिदम: झालं. १२० वर सुरू करून दर वेळी ५ ने वाढवत नेलं. १४५ च्या आसपास गॅलप (घोड्याच्या टापांसारखा एक लांब, दोन छोटे ठोके) अडखळतो, कारण तिथे मनगट आखडतं आणि हात कोपरातून वाजवू लागतो. पिकचं टोक बोटांबाहेर २-३ मिमीच ठेवलं की सुटतं. १६० ला दोन सिक्स्टीन्थमधलं (पाव ठोक्यांमधलं) अंतर जेमतेम ९४ मिलिसेकंद असतं. डावा आणि उजवा टेक (एकेकदा वाजवून केलेलं रेकॉर्डिंग) १५-२० मिलिसेकंदांनी मागेपुढे झाले तरी गॅलपचे छोटे ठोके एकमेकांत विरघळतात. एकच टेक कॉपी करून दोन्हीकडे टाकायचा मोह टाळा. तो मधोमधच ऐकू येतो. एक कॉपी १५ मिलिसेकंद सरकवली तर रुंद वाटतो, पण मोबाइलच्या एका स्पीकरवर पोकळ होतो. दोन्ही बाजूंना वेगळे टेकच हवेत. गेनही (ॲम्पवर आवाज किती फाटायचा ते ठरवणारं बटण) एकट्या गिटारला ७ वर आवडतो तो ४-५ वर आणायचा. जास्त गेनमध्ये पिकचा आघात दबतो आणि थरांवर थर चढले की काहीच कळत नाही.

बार ९ ते १२, हार्मनी: खरी मेहनत इथे. वरचा थर्ड (मधला एक सूर सोडून पुढचा) स्केलमधूनच घ्यायचा: ई वर जी, जी वर बी, ए वर सी, बी वर डी. म्हणजे कधी ३ सेमीटोन (एक सेमीटोन म्हणजे एक फ्रेट), कधी ४. दुसरा सूर आपोआप जोडणाऱ्या हार्मोनायझर पेडलवर कायम ४ ठेवले तर ई वर जी शार्प येतो आणि मायनरचा जीवच जातो.

दोन्ही सूर एकाच ॲम्पमधून काढले तर घाण का होते? डिस्टॉर्शन (आवाज फाडणारा परिणाम) दोन सुरांच्या फरकाचा तिसरा सूर तयार करतं. पहिल्या तारेच्या १५ व्या फ्रेटवरचा जी ७८४ हर्ट्झ, १९ व्या फ्रेटवरचा बी ९८८. फरक २०४. हा ना जी (१९६), ना जी शार्प (२०८). म्हणून प्रत्येक सुराला वेगळा टेक आणि वेगळा ॲम्प. हार्मोनायझर पेडलही डिस्टॉर्शनच्या आधी लावू नये, ते याच कारणासाठी. (गिटारचा मेजर थर्ड तानपुऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट (सेंट म्हणजे सेमीटोनचा शंभरावा भाग) चढा असतो. शास्त्रीय ऐकलेल्या कानाला तो थोडा टोचणारच, ट्यूनर तपासत बसू नका.)

तिसरी गिटार मेलडीच्या खाली. आधी सरसकट खालचा थर्ड दिला होता, तो फसला. मागे ई मायनर कॉर्ड असताना मेलडीतल्या ई खाली सी आला की सगळं सी मेजर सेव्हन्थसारखं गुळमुळीत वाटतं. तिथे सी ऐवजी बी घेतला आणि बसलं. नियम असा ठेवला आहे: ठोक्यावर पडणारा सूर कॉर्डमधलाच, थर्ड फक्त जाता जाता. तसंच मेलडी बी वर थांबते तिथे वरचा डी सोडून ई.

व्हायब्रेटो (तार हलवून सुराला दिलेलं कंपन) तिघांचा वेगवेगळा असला की लांब सूर बेसूर लागतो. मेलडीचा टेक आधी पक्का करायचा, बाकीच्या दोघांनी तो कानात लावून त्याच वेगाने हलवायचं. रेकॉर्ड करताना ४८ किलोहर्ट्झला बफर (कॉम्प्युटर आवाज किती साठवून मग ऐकवतो ते) १२८ पुरेसा आहे. ५१२ ला आवाज उशिरा ऐकू येतो आणि हात मागे पडतो.

मिक्स सध्या कामचलाऊ. रिदम पूर्ण डावी-उजवी, मेलडी मध्ये, हार्मनी दोन्हीकडे साधारण ५० टक्के आणि मेलडीपेक्षा २-३ डीबी खाली. सगळ्या गिटारी ९० हर्ट्झखाली कापल्या, ती जागा बेसची.

बार १३ ते १६ बाकी. तिथे कॉर्ड बी मेजर होते, त्यामुळे डी चा डी शार्प करावा लागेल आणि बी वरचा थर्ड ४ सेमीटोनचा होईल. दुसऱ्या गिटारची बोटं अजून सवयीने डी वरच जातात. तेवढे चार बार ११० वर पुन्हा घ्यायचे आहेत.