आधी कारण, मग गुण

सुवर्णमहोत्सवी अंकासाठी चार शब्द लिहून द्या, असा शाळेचा निरोप आला आणि विषय शोधावाच लागला नाही. माझ्यापुरती शाळा म्हणजे सर. नाव मुद्दाम लिहीत नाही, या अंकात ते पानोपानी आलेलं असणारच. आम्ही पोरं त्यांना पाठीमागे 'विसंगत सर' म्हणायचो. त्यांना ते ठाऊक होतं आणि आवडतही असावं, असा माझा अंदाज आहे.

पाचवीत सैनिक शाळेच्या प्रवेश परीक्षेची तयारी शाळा सुटल्यावर चालायची, प्रयोगशाळेशेजारच्या त्या अंधाऱ्या खोलीत. आमच्याकडे सैनिक शाळा म्हटलं की सातारा. १९६१ साली सुरू झालेली, देशातली पहिली. गणित दुसरे सर घ्यायचे. तेही उत्तम शिकवत, पण त्यांच्यावर कुणीतरी लिहीलच. बुद्धिमत्ता मात्र आमच्या सरांकडे आणि त्यातही त्यांचा जीव 'गटात न बसणारा शब्द ओळखा' या एकाच प्रकारावर.

यात शिकवण्यासारखं काय, असं आम्हालाही वाटायचं. चार शब्द वाचायचे, जो खटकेल त्यावर खूण करायची. सरांचा या खटकण्यावर काडीचा विश्वास नव्हता. "वेगळा शोधू नका रे, तिघांचं गोत्र शोधा. चौथा आपोआप उघडा पडतो." कोळी, मुंगी, माशी, झुरळ. तिघांना सहा पाय, कोळ्याला आठ, हे सोपं. पण बटाटा, आलं, सुरण, गाजर म्हटलं की वर्ग अडायचा, कारण सगळंच जमिनीखालचं. तेव्हा सरांनी पिशवीतून मोड आलेला बटाटा काढून बाकाबाकावर फिरवला. त्याच्या डोळ्यांवर बोट ठेवून म्हणाले, "अंकुर इथून फुटतोय ना? डोळे खोडाला असतात. आता हे गाजर घ्या आणि डोळा दाखवा." गाजर हातोहात फिरलं, डोळा कुणालाच सापडला नाही. गाजर मूळ, बाकीची तिन्ही खोडं. मग गाजराच्या जागी रताळं घातलं तर उत्तर काय, हा घरचा अभ्यास.

वहीत उत्तरापुढे कारण लिहावंच लागे. कारण नसेल तर बरोबर उत्तरालाही शून्य. उत्तर चुकलं पण कारण पटण्यासारखं असलं तर अर्धा गुण. पालकांपैकी काहींना हे विचित्र वाटायचं, कारण खऱ्या परीक्षेत कारण कोण विचारतो?

एका संध्याकाळी सरांनी फळ्यावर लिहिलं: सोने, चांदी, पारा, पितळ. सगळी मुलं एका सुरात 'पारा' म्हणून ओरडली. द्रव आहे, अंगठीही होत नाही त्याची! खिडकीजवळ बसणारी आमची वर्गमैत्रीण तेवढी 'पितळ' म्हणाली. पितळ तांबं आणि जस्त मिसळून करतात, बाकीची मूलद्रव्यं. झालं, दोन पक्ष पडले. म्हणजे एका बाजूला सगळा वर्ग, दुसऱ्या बाजूला ती. सर खुर्चीत मागे रेलून ऐकत बसले. शिपायाने खोली बंद करायची म्हणून दोनदा डोकावून पाहिलं, तरी उठले नाहीत.

शेवटी त्यांनी एकच प्रश्न टाकला. "उणे ३९ अंशांच्या खाली पाराही गोठून घट्ट होतो. अशा ठिकाणी हाच प्रश्न विचारला तर तुमचं उत्तर काय?" वर्ग चिडीचूप. "आणि पितळेचं काय होईल तिथे?" ती पटकन म्हणाली, "पितळ पितळच राहील, सर." सर उठले, पितळेभोवती गोल काढला आणि पुस्तकातल्या त्या प्रश्नावर पेनने काट मारली. वर म्हणाले, "उत्तर हेच. पण प्रश्न लंगडा आहे. प्रश्न काढणाऱ्याने पाऱ्याच्या जागी लोखंड घालायला हवं होतं." छापील पुस्तकातला प्रश्नही चुकू शकतो, ही गोष्ट दहा वर्षांच्या पोरांना सांगणारा दुसरा माणूस मला तरी भेटलेला नाही.

ती मुलगी परीक्षेला बसू शकत नव्हती. सैनिक शाळांत तेव्हा मुलींना प्रवेशच नव्हता. देशभरच्या सैनिक शाळांत तो मिळू लागला २०२१-२२ पासून. सरांनी तरी तिला पूर्ण वर्ष वर्गात बसवलं, वही तपासली, गुण दिले. आमच्यात पहिली तीच.

मी लेखी परीक्षेत उत्तीर्ण झालो, पण वैद्यकीय तपासणीत डोळ्यांनी घात केला. म्हणून दहावीपर्यंत याच शाळेत राहिलो. त्याचं वाईट वाटणं केव्हाच संपलं. आज औषधांच्या कारखान्यात गुणवत्ता विभाग सांभाळतो. शंभर बॅचेस सारख्या दिसतात, एखादी वेगळी निघते. नवीन मुलगा ती बाजूला काढून ठेवतो तेव्हा मी विचारतो, कारण लिहिलंस का? हाताखालची मंडळी यावर हसतात, हसू देत.

आता पुतणी याच परीक्षेच्या मागे आहे. सहावीच्या प्रवेशासाठी १२५ प्रश्न, ३०० गुण, वेळ १५० मिनिटं, त्यात बुद्धिमत्तेचे २५ प्रश्न ५० गुणांना. चुकलं तरी गुण कापत नाहीत, म्हणून क्लासमध्ये सांगतात, अडलं की ठोकून द्यायचं. परवा तिने पंकज, सरोज, नीरज, जलद यांतला जलद बरोबर टिपला. का, असं विचारलं तर म्हणे, बाकीच्यांच्या शेवटी 'ज' आहे. तिन्ही कमळं आणि चौथा ढग, हे तिच्या गावीही नव्हतं. मोबाइलवर मात्र हिरवी खूण आणि टाळ्या! सरांनी या उत्तराला किती गुण दिले असते, ते त्यांच्या विद्यार्थ्यांना सांगायला नको.

त्या खोलीत आता संगणक कक्ष आहे असं कळलं. असू दे. माझी विनंती निराळीच आहे. सर स्वतः प्रश्न काढून सायक्लोस्टाइल करून वाटायचे, ते कागद कुणाकडे असतील तर शाळेने गोळा करून छापावेत. माझ्याकडे धातूंचा आणि भाज्यांचा असे दोनच उरलेत, तेही कडेने फाटलेले. खिडकीजवळच्या त्या मैत्रिणीकडे पूर्ण संच असणार, कारणांसकट. हे वाचलंस तर कार्यालयात कळव, छपाईचा खर्च माझ्याकडे.