जिनातले मिस्त्री, आमचे बाबा

बाबांच्या तेरवीला आलेल्या बहुतेकांनी एकच गोष्ट सांगितली, ती म्हणजे मिस्त्रींनी जन्मभर फार कष्ट केले. ते खरे आहे आणि ते मनापासून सांगितले गेले, तरी मला ते अपुरे वाटत राहिले. कापसातली सरकी आणि रुई वेगळी करणाऱ्या जिनात उभे आयुष्य फिटर म्हणून घालवलेल्या माणसाजवळ कष्टाखेरीज एक विद्या असते, आणि ती कोणत्याही शाळेत शिकवली जात नसल्यामुळे तिची नोंद कुठेच होत नाही. म्हणून बाबांना काय काय येत होते, हे मी इथे लिहून ठेवत आहे. त्यात जिनातले काम आहे, तसेच आईच्या आजारपणात त्यांनी घरात केलेले कामही आहे, कारण ही दोन्ही कामे त्यांनी एकाच बुद्धीने आणि एकाच निष्ठेने केली, असे माझे मत आहे.

आमचे गाव हिंगणघाट तालुक्यात, वणा नदीच्या अलीकडे. आजोबांची तीन एकर कोरडवाहू जमीन होती, आणि १९७२च्या दुष्काळात ती घर चालवू शकली नाही, तेव्हा सातवी झालेल्या बाबांची शाळा सुटली. त्याच सुमारास राज्य सरकारने कापूस एकाधिकार खरेदी योजना, म्हणजे शेतकऱ्यांचा कापूस फक्त सरकारनेच विकत घेण्याची योजना, सुरू केली होती. दिवाळीनंतर खरेदी केंद्रांवर कापसाच्या बंड्यांच्या रांगा लागत आणि जिनांना हंगामभर माणसे लागत. बाबा आधी सरकीची पोती उचलायला लागले, मग एका म्हाताऱ्या मिस्त्रीच्या हाताखाली तेलपाणी करू लागले, आणि पुढे त्या मिस्त्रीच्या जागी उभे राहिले. हंगाम दसरा-दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंत चाले. पावसाळ्यात ते शेतात सरकी टोबायचे, डवरणी करायचे आणि उरलेल्या दिवसांत जिनाची यंत्रे खोलून दुरुस्त करायचे.

ज्यांनी जीन आतून पाहिलेला नाही, त्यांच्यासाठी थोडे सविस्तर सांगते. आमच्याकडच्या जिनांत दोन रोलरचे रेचे, म्हणजे सरकी काढणारी यंत्रे, असतात. लोखंडी शाफ्टवर कातड्याच्या चकत्या एकमेकींना घट्ट दाबून ओवलेल्या असतात, आणि त्या कातड्याच्या रोलरवर तिरप्या खाचा पाडलेल्या असतात. रोलर फिरताना कापसाचे तंतू त्याला चिकटून पुढे ओढले जातात, रोलरला टेकलेली स्थिर सुरी सरकीला अडवते, आणि मधली हलती सुरी त्या सरकीला ठोकून मोकळी करते. सरकी जाळीतून खाली पडते आणि रुई पुढे जाते. एक क्विंटल कापसातून सुमारे एक तृतीयांश रुई निघते, आणि बाकीची जवळजवळ सगळी सरकी असते. ती रुई प्रेसमध्ये दाबून तिची १७० किलोची गठाण बांधली जाते.

मिस्त्रीची सगळी विद्या त्या सुरी आणि रोलरच्या मधल्या जागेत असते. सुरी जास्त दाबली गेली, तर रोलर तापतो, कातडे लवकर झिजते आणि सरकी फुटून तिचे तुकडे रुईत मिसळतात. सुरी सैल राहिली, तर सरकीवर तंतू तसेच राहून जातात, म्हणजे शेतकऱ्याने वाढवलेली आणि बाईने बोंडातून वेचलेली रुई सरकीबरोबर तेलघाणीत जाते. कापूस ओलसर असला, तर हाच दाब वेगळा लागतो. वाण बदलले की तोही बदलतो. एच-४ हे संकरित वाण १९७० साली आले आणि बीटी कापसाला आपल्या देशात २००२ साली परवानगी मिळाली. या दोन्हींच्या मधल्या काळात आणि नंतरही आमच्या शिवारात आलेला बहुतेक प्रत्येक कापूस बाबांच्या हाताखालून गेला असावा. शेतकऱ्याने कोणते बियाणे लावले, हे ते सरकीचा आकार आणि तिच्यावरची लव पाहून बरेचदा ओळखत.

त्यांच्याजवळ फिलर गेज, म्हणजे बारीक फट मोजायच्या पोलादी पट्ट्या, होते आणि ते मला वापरायलाही त्यांनी शिकवले, पण त्यांची पहिली तपासणी कानाने होत असे. एका शाफ्टवरून पट्ट्यांनी चालणाऱ्या रेच्यांची ओळ सुरू असली की बाहेरच्या माणसाला नुसता गोंगाट ऐकू येतो. शाळा सुटल्यावर मी त्यांचा डबा घेऊन जायची, तेव्हा ते मला दाराशी उभे करून म्हणायचे, "आयक बाई, तिसरा रेचा बोलून राह्यला." मला कितीतरी दिवस काहीच कळत नसे. हळूहळू त्या एकसारख्या आवाजात एका जागी कुरकुर आहे, हे मला जाणवू लागले, आणि मग ते यंत्र थांबवून बेअरिंगवर माझा हात ठेवून ते किती तापले आहे ते दाखवायचे. आज मी शाळेत विज्ञान शिकवते. निरीक्षण कसे करायचे याचे माझे पहिले धडे तिथले आहेत, आणि त्याहून चांगले धडे मला पुढे कुणी दिले असे मला वाटत नाही.

जिनात सर्वांत मोठी भीती आगीची असते. कापसात एखादा खडा किंवा लोखंडाचा तुकडा आला आणि तो सुरीत अडकला, तर ठिणगी उडते, आणि ती ठिणगी रुईबरोबर पुढे ढिगात जाऊन पडते. रुईची आग वरून विझली तरी आत धुमसत राहते. मी लहान असताना बाबा काम करत त्या जिनात रात्रपाळीला अशी आग लागली होती. बाबांनी आधी मेन स्विच पाडला, मग कापूस टाकणाऱ्या सगळ्या बायकांना मागच्या दाराने बाहेर काढले. त्यातल्या एकीचे तान्हे मूल पोत्यांच्या मागे झोळीत होते, ते त्यांनी स्वतः उचलून आणले, आणि त्यानंतरच ते रुईकडे वळले. पुढे पहाटेपर्यंत ते ढिगात कोपरापर्यंत हात घालून ऊब कुठे लागते ते शोधत होते, आणि जिथे ऊब लागेल तेवढी रुई बाहेर ओढून पाण्यात टाकत होते. त्यांच्या उजव्या मनगटावर भाजल्याचा डाग शेवटपर्यंत होता. मालाचे किती नुकसान झाले याची चर्चा गावात बरेच दिवस चालली, पण बाबांनी त्या रात्रीबद्दल सांगताना नेहमी बायकांची मोजदाद कशी केली तेवढेच सांगितले.

या आगीमुळेच त्यांची एक सवय पक्की झाली. जिनातली हवा तंतूंच्या बारीक धुळीने भरलेली असते. ते कामावरच्या बायकांना नाकाला फडके बांधल्याशिवाय रेच्याजवळ उभे राहू देत नसत, पण स्वतः मात्र कधी बांधत नसत. आईने अनेकदा रागावून विचारले, तेव्हा त्यांनी एकच उत्तर दिले, "जळका वास पयले मले आला पायजे." कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुफ्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. त्यात सुट्टीनंतर कामाच्या पहिल्या दिवशी छाती जास्त आवळते, आणि बाबांची सोमवारची खोकल्याची उबळ आमच्या घरात सगळ्यांच्या ओळखीची होती. शेवटच्या काही वर्षांत त्यांना वखरलेल्या शेतातून चालतानाही थांबावे लागे. इतरांना वास लागण्याआधी आपल्याला लागावा म्हणून त्यांनी आपली छाती दिली, हे मी पूर्ण विचार करून लिहीत आहे.

मी दहावीत असताना आईला संधिवात झाला. सकाळी तिच्या बोटांच्या मुठी उघडत नसत आणि थंडीच्या दिवसांत तिला उठून बसायलाही वेळ लागे. बाबांनी तिला सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयात नेले, आणि तिथले उपचार पुढे अखंड चालू राहिले. दर महिन्याला ते एसटीने तिला घेऊन जात, रांगेत उभे राहत आणि डॉक्टरांनी सांगितलेले एका जुन्या वहीत लिहून आणत. आईच्या गोळ्यांमध्ये मेथोट्रेक्सेट होती, जी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते आणि चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकते. बाबांनी त्या गोळ्या इतर औषधांपासून वेगळ्या, वरच्या फळीवर ठेवल्या आणि कालनिर्णयावर दर रविवारी लाल खूण करायला सुरुवात केली. त्याच कालनिर्णयावर निळ्या पेनाने कोणत्या रेच्याचे रोलर केव्हा बदलायचे, ग्रीस केव्हा भरायचे याच्या खुणा असत. रक्ततपासणीच्या तारखाही त्यावरच होत्या आणि त्यांतली एकही त्यांनी चुकू दिली नाही.

सकाळचा ताठरपणा कमी व्हावा म्हणून डॉक्टरांनी कोमट पाण्यात हात बुडवून बोटांचे व्यायाम करायला सांगितले होते. पहाटे घरी असता यावे म्हणून बाबांनी रात्रपाळी सोडली आणि तिचा भत्ताही सोडला. त्या वर्षी माझ्या अकरावीची फी आणि धाकट्या भावाची पुस्तके अशी दोन्ही ओझी होती, तरी या निर्णयावर त्यांनी घरात कुणाशी वाद होऊ दिला नाही. ते पहाटे उठून पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडे, पेटवून पाणी तापवायचे, आईचे हात पाण्यात धरून एकेक बोट सरळ करायचे आणि विचारायचे, "दुखते का वं? दुखलं तं सांग, मी थांबतो." तापलेल्या बेअरिंगवर हात ठेवताना त्यांच्या चेहऱ्यावर जे लक्ष एकवटलेले असे, तेच मी तिथेही पाहिले आहे.

भाकर थापणे आईला अशक्य झाले, तेव्हा बाबा चुलीपुढे बसले. आमच्या गावात त्या काळी पुरुषाने भाकरी करणे लोकांना विचित्र वाटे आणि तसे बोललेही जाई. बाबांनी दार लावून घेतले नाही. आई पाटावर बसून पीठ किती मळायचे, पाणी केव्हा लावायचे हे सांगे, आणि ते तिचे सगळे ऐकत. पहिल्या भाकरी फाटल्या. महिनाभरात त्यांची ज्वारीची भाकर टम्म फुगू लागली, आणि अंबाडीची भाजी तर मला पुढे आईच्या हातच्यापेक्षा त्यांच्या हातचीच आवडू लागली. आईला आपल्या हाताने काही करता यावे यासाठी त्यांनी पळीला आणि झाऱ्याला सागवानाच्या जाड मुठी बसवल्या, कारण जाड मूठ धरायला बोटे फारशी मिटावी लागत नाहीत. तिच्या काठीला त्यांनी झिजलेल्या रोलरच्या कातडी चकत्या ओवून मूठ केली. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. तिचा हात कुठे अडतो हे ते दिवसभर पाहत आणि संध्याकाळी त्यावर उपाय करत.

त्यांच्या स्वभावातल्या बाकी गोष्टी थोडक्यात सांगते. ते कमी बोलत, उधारी ठेवत नसत, आणि गावातल्या गुरुदेव सेवा मंडळाच्या सामुदायिक प्रार्थनेला जमेल तेव्हा जात. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या पुण्यतिथीला मोझरीला जाऊन मौन श्रद्धांजलीत उभे राहणे हा त्यांचा एकमेव प्रवास होता, जो आईच्या औषधाशी संबंधित नव्हता. मला नागपूरला बी.एड.साठी पाठवताना त्यांनी दोन एकरांवरची तूर विकली आणि त्याचा उल्लेख पुन्हा कधी केला नाही.

२००० साली केंद्राचे कापूस तंत्रज्ञान अभियान सुरू झाल्यानंतर जीनही बदलत गेले. कापूस वाहणारे पट्टे आले, रेच्यांत आपोआप कापूस पडू लागला आणि टोपल्या वाहणाऱ्या बायकांची संख्या घटली. अनेक जुन्या मिस्त्रींना हा बदल झेपला नाही. बाबांनी पन्नाशीनंतर नवी यंत्रे शिकून घेतली, पण ज्यांची कामे गेली त्या बायकांबद्दल ते फार अस्वस्थ असत, आणि त्यांतल्या काहींना सरकीच्या गोदामात काम मिळावे म्हणून ते शेटजींशी अनेकदा बोलले. त्यांच्या शब्दाने काहींना काम मिळाले, सगळ्यांना मिळाले नाही.

बाबांनी हाताखालच्या मुलांना आपली विद्या कधी लपवली नाही. त्यांच्याजवळ शिकलेली माणसे आज हिंगणघाट, वायगाव आणि वणी भागातल्या जिनांमध्ये काम करत आहेत, आणि तेरवीला त्यांतले बरेच जण आले होते. त्यांची हत्यारपेटी आम्ही त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या एका मिस्त्रीला दिली. आईची सेवाग्रामची फेरी आता भाऊ आणि मी आळीपाळीने करतो, आणि ती जुनी वही आम्ही पुढे चालू ठेवली आहे. रोलरला खाचा किती खोल पाडाव्यात, ओल्या कापसाला सुरी किती सैल करावी, कोणता आवाज कशाचा असतो, हे त्या मिस्त्रींकडून विचारून मी सध्या एका वेगळ्या वहीत उतरवून घेत आहे. ज्या कुणी बाबांबरोबर काम केले असेल आणि त्यांना यातले काही आठवत असेल, त्यांनी ते मला जरूर कळवावे. त्या वहीत अजून पुष्कळ पाने कोरी आहेत.