राजगृहात मी रमाईंना शोधत होते

परभणीहून देवगिरी एक्सप्रेसने पहाटे दादरला उतरलो. मुंबईतले बाकीचे दिवस नात्यातलं लग्न आणि लोकलची रेटारेटी यांतच गेले. लिहायचंय ते फक्त हिंदू कॉलनीतल्या राजगृहाबद्दल.

दादर पूर्वेचा गलका मागे पडला की झाडांच्या सावलीतल्या गल्ल्या लागतात. त्यांतल्याच एकीत बाबासाहेबांचं हे घर आहे. वर कुटुंबीय राहतात, त्यामुळे आपल्याला पाहायला मिळतो तो तळमजला. तिथे अस्थिकलश, छायाचित्रं, त्यांच्या वापरातल्या वस्तू आहेत. आमच्या मागच्या घोळक्यातला एक गृहस्थ सगळ्यांना "चला, चला, चैत्यभूमीला उशीर होतोय" म्हणून पुढे ढकलत होता. मला त्याचा फार राग आला. एवढ्या लांबून यायचं आणि असं घाईघाईने बघून निघायचं?

हे घर उभं राहिलं ते पुस्तकांसाठी. त्याआधी बाबासाहेब परळच्या बीआयटी चाळीत ५० आणि ५१ नंबरच्या खोल्यांमध्ये राहत. ग्रंथ वाढत गेले, जागा पुरेना. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला हे घर बांधताना ग्रंथालयाची सोय आधी पाहिली गेली, आणि पुढे तो संग्रह पन्नास हजारांवर गेला. नाव ठेवलं मगधाच्या जुन्या राजधानीचं, बिंबिसाराच्या राजगृहाचं, जिथे बुद्धांचा वावर होता. बाबासाहेबांची येवल्याची धर्मांतराची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. म्हणजे "हिंदू म्हणून मरणार नाही" हे जाहीर होण्याआधीच दारावर बुद्धकाळातलं नाव लागलं होतं! हे लक्षात आलं आणि मी तिथेच थबकले.

पण सगळ्यात जास्त वेळ मी बाबासाहेबांच्या पत्नी रमाईंच्या फोटोपाशी होते. चाळीत त्यांनी ओढलेला संसार, उपासमार, एकामागून एक गेलेली लेकरं आपल्याला ठाऊक असतात. १९३४ च्या सुमारास त्या या घरात आल्या आणि २७ मे १९३५ ला इथेच गेल्या. ऐसपैस घर मिळालं, ते जेमतेम वर्षभरासाठी. शेजारी उभी असलेली एक आजी फोटोला हात जोडून म्हणाली, "माय, तुला सुख लाभलंच नाही गं." मला पुढे काही बघवेना. राजगृहाची गोष्ट सांगताना सगळे ग्रंथांचे आकडे सांगतात. रमाईंचं ते एक वर्ष कुणी सांगत नाही, आणि मला तेच या घराचं सगळ्यात मोठं मोल वाटतं.

डिसेंबर १९५६ मध्ये बाबासाहेबांचं पार्थिव दिल्लीहून आणलं तेही इथेच. अंत्ययात्रा इथूनच निघाली. म्हणून ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर येणारे अनेकजण इथेही येतात.

जुलै २०२० मध्ये याच घराच्या आवारात तोडफोड झाली होती. कुंड्या, काचा फोडल्या होत्या. तेव्हा बातमी वाचून हळहळले होते, पण आवारात उभं राहिल्यावर खरा संताप आला.

पुढच्या खेपेला आईला आणणार आहे. आधी परळची चाळ, मग राजगृह, याच क्रमाने. आणि ६ डिसेंबरच्या गर्दीत नाही, एखाद्या साध्या दिवशी, कुणी ढकलणारं नसताना.