थांबलं की वर जाणारा छर्रा

कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात माझं छोटं वर्कशॉप आहे. पोट चालतं ते पंपाच्या सुट्या भागांवर. एअर पिस्तुलं आणि रायफली संध्याकाळी, शटर अर्धं ओढल्यावर. २०१० साली तेजस्विनी सावंत म्युनिकला नेमबाजीत जगज्जेती झाली, २०१८ च्या आशियाई स्पर्धेत राही सरनोबतनं सुवर्ण आणलं, आणि २०२४ ला कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसमध्ये कांस्य जिंकल्यावर तर आमच्या जिल्ह्यात गावोगावची पोरं रेंजवर यायला लागली. मला त्याचा अभिमान आहे. पण पिस्तूल बेंचवर ठेवताना पोरांच्या वडिलांचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं: "मेस्त्री, पॉवर वाढवून द्या."

जुलैत, झडीच्या पावसात, कागलकडचे एक गृहस्थ असंच पिस्तूल घेऊन आले. फौंड्रीत कामाला, बरोबर अकरावीतली मुलगी. देशी बनावटीचं पीसीपी पिस्तूल, म्हणजे सिलिंडरमध्ये आधीच दाबून भरलेल्या हवेवर चालणारं, दाब एकसारखा ठेवणाऱ्या रेग्युलेटरवालं, कर्ज काढून घेतलेलं. त्यांची तक्रार दुहेरी होती. साठ शॉट पुरे व्हायच्या आत सिलिंडर उतरतोय, आणि पॉवरही अजून पाहिजे.

या दोन मागण्या एकमेकींच्या विरुद्ध जातात, हे मी आधी त्यांना कागदावर मांडून दाखवलं. अर्धा ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १५० मीटर वेगानं सुटला तर त्यात साधारण ५.६ ज्यूल असतात. तोच १७० ला नेला की ७.२ ज्यूल. ही जास्तीची ताकद हवेतूनच काढावी लागते. आणि दहा मीटरवरच्या कागदाला भोक पाडायला १५० पुरून उरतात. जगभरातली मॅच पिस्तुलं त्याच आसपास चालतात. वेग वाढवला तर मिळतो फक्त जास्तीचा झटका. हे गृहस्थांना पटलं नाही. त्यांच्या ओळखीतल्या कुणीतरी आधी एकदा "पॉवर वाढवून" दिली होती आणि त्याचे पैसेही घेतले होते. आपल्याकडे २० ज्यूलच्या आतल्या आणि .१७७ बोअरच्या (साडेचार मिलिमीटर नळीच्या) एअरगनला परवाना लागत नाही. ते योग्यच आहे, नाहीतर गरीब घरची पोरं या खेळात आलीच नसती. पण त्यामुळे ॲलन कीचा सेट हातात असलेला कुणीही स्वतःला गनस्मिथ समजतो, त्याचं मला फार वाईट वाटतं.

ते पिस्तूल ठेवून गेले. मी छर्ऱ्याचा वेग मोजणारा क्रोनोग्राफ मांडला, छर्रे वजन करून घेतले आणि सिलिंडर २०० बार दाबाला भरला. पहिले दहा शॉट १६७, १६८, १६८ असे पडले. म्हणजे खरोखरच पिळून ठेवलेलं. शॉटनंतर नळीतून एक लांब फुसकारा यायचा: छर्रा केव्हाच निघून गेलेला आणि व्हॉल्व्ह अजून उघडाच. ती हवा फुकट जाते.

तेवढ्यात शेजारचा एक जॉब लेथवर अडकला म्हणून मला बोलावणं आलं. परत येऊन पुढचा शॉट मारला तर १८०.

पहिला संशय उजेडावर घेतला. ऑप्टिकल क्रोनोग्राफला ट्यूबलाइट चालत नाही. तिची लुकलुक सेन्सरला छर्ऱ्यासारखी दिसते आणि आकडे भलतेच येतात. म्हणून ट्यूब बंद करून बॅटरीचा दिवा वर टांगला. लगोलग मारलं, १६८. घड्याळ लावून तीन मिनिटं थांबलो, १७९. पुन्हा लगोलग, १६८. अर्धा मिनिट थांबलं तर १७१, एक मिनिट थांबलं तर १७४. बंदूक किती वेळ थांबलोय ते मोजत होती. त्या रात्री मी जेवायला घरी उशिरा गेलो.

रेग्युलेटरचं काम बाहेरून सोपं दिसतं. सिलिंडरमध्ये २०० बार असोत की १२०, पुढच्या छोट्या कोठीत त्यानं ठरलेलाच दाब द्यायचा. आत एक पोकळ पिस्टन असतो, त्यामागे किंचित खोलगट डिस्क स्प्रिंगा एक पालथी एक उताणी अशा रचलेल्या. कोठीतला दाब ठरल्याइतका झाला की पिस्टन स्प्रिंगांना दाबत सरकतो आणि त्याचं टोक प्लास्टिकच्या सीटवर बसून वाट बंद करतं. ती वाट पूर्ण बंद झाली पाहिजे, सगळा प्रश्न तिथेच. टोकावर केसाएवढा ओरखडा असला तरी हवा झिरपत राहते आणि कोठीतला दाब मिनिटामिनिटाला चढतो. याला आम्ही क्रीप म्हणतो. भरभर मारणाऱ्याला तो कळत नाही. थांबणाऱ्यालाच कळतो.

सिलिंडर काढून, उरलेली हवा दोन-तीनदा ट्रिगर ओढून मोकळी केली आणि मग उघडलं. हा क्रम चुकवायचा नाही, कितीही घाई असली तरी. आत पांढरट साय होती. ग्रीसमध्ये पाणी मिसळलं की असं होतं. कोल्हापूरच्या पावसाळ्यात हातपंपानं सिलिंडर भरायचा म्हणजे दमट हवा दोनशे पट दाबून आत कोंबायची. तिच्यातलं पाणी जाणार कुठे? पंपाला ओल शोषणाऱ्या सिलिका जेलचा फिल्टर लावणारं घर मी क्वचित पाहिलंय. त्यात भर म्हणून आधीच्या कारागिरानं बेअरिंगचं साधं ग्रीस भरलेलं. उच्च दाबाच्या हवेत पेट्रोलियम ग्रीस भडकू शकतं. हे पिस्तूल एक सोळा वर्षांची मुलगी चेहऱ्यासमोर धरते. मला खरोखर संताप आला.

पिस्टनचं टोक भिंगाखाली धरलं. एका बाजूला गंजाचा बारीक खड्डा, आणि त्यातून निघालेली एक रेघ. सीटवर तिचा ठसा उमटलेला. पिस्टन कोलेटमध्ये धरून लेथ सगळ्यात हळू चालवला, आधी बाराशेचा, मग दोन हजारचा पॉलिश पेपर तेलात भिजवून. टोक पेपरनं घासताना कोन बदलू द्यायचा नाही. बोटाचा जोर जरा एकीकडे गेला की टोक लंबगोल होतं आणि पिस्टन भंगारात. रेघ गेली, खड्डा गेला. नवी सीट डेलरिन या कडक प्लास्टिकच्या रॉडमधून टर्न केली, तिचं तोंड नव्या धारदार टूलनं एका पासमध्ये सपाट केलं. ओ-रिंगा बदलल्या, सिलिकॉन ग्रीस, तेही नखाच्या टोकावर मावेल एवढंच.

मग ट्यूनिंग. टेस्ट गेज लावून रेग्युलेटर ९५ बारवरून ७० वर आणला आणि रात्रभर तसाच ठेवला. सकाळी काटा होता तिथेच. व्हॉल्व्हवर आपटून तो उघडणाऱ्या हॅमरची स्प्रिंग पूर्ण सैल करून पाव-पाव आटा आवळत गेलो, प्रत्येक पायरीला पाच शॉट. १२८, १३९, १४७, १५२, १५४, आणि पुढे आवळलं तरी १५४ च. तिथून पुढे वेग वाढत नाही, फक्त फुसकारा वाढतो. त्या माथ्यावरून थोडं मागे यायचं. मी १५० वर थांबलो. या जागेची गंमत म्हणजे दाब चुकून जरा चढला तर व्हॉल्व्ह उघडायला जड जातो, कमी वेळ उघडा राहतो आणि वेग जवळपास तेवढाच येतो. पिस्तूल स्वतःला सावरतं. नुसता वेग बघणाऱ्याला ही जागा सापडतच नाही.

शॉटचा हिशोबही फिरला. या सिलिंडरचं पोट साधारण ८० घनसेंटीमीटर. आधी २०० ते ९५ एवढाच दाब कामाचा होता आणि हवा उधळली जात होती. कसेबसे ऐंशी शॉट, त्यात सायटर, म्हणजे मॅचआधीचे नेम जुळवायचे शॉट, धरले की शेवटची दहा शॉटची सिरीज घसरलीच. आता २०० ते ७० कामाचा, आणि दर शॉटला दोन-तृतीयांश हवा. दीडशेच्या आसपास.

मुलगी पिस्तूल न्यायला आली तेव्हा मी सहज विचारलं, "मारताना जमेना झालं तर हात खाली घेतेस का?"

"आधी घेत होतो काका. आता न्हाई घेत."

"का गं?"

"खाली घेऊन परत उचलला की शॉट वर जातोय. सर म्हणतात दम टिकत न्हाई तुझा."

मी काही क्षण बोललोच नाही. न जमलेला शॉट सोडून देणं, हात खाली घेणं, श्वास घेऊन नव्यानं उचलणं, या खेळात पहिल्या दिवसापासून हेच शिकवतात. साठ शॉटना ७५ मिनिटं असतात ती त्यासाठीच. ही पोर ते बरोबर करत होती आणि पिस्तूल प्रत्येक वेळी तिला त्याची शिक्षा देत होतं. मग तिनं थांबणंच सोडलं. हात थरथरत असला तरी ट्रिगर ओढायचा.

पण हिशोब इथे सरळ जुळत नाही. १६८ चा छर्रा दहा मीटरवर साधारण १७ मिलिमीटर खाली येतो, १८० चा १५. फरक सव्वादोन मिलिमीटर. दहाचं वर्तुळ ११.५ मिलिमीटरचं, शिवाय छर्ऱ्याची कड लागली तरी गुण मिळतो. मधोमध बसणारा छर्रा एवढा वर सरकला तरी दहाच मिळतात. तिच्या जुन्या कार्डांवर मात्र थांबल्यानंतरचे शॉट आठात होते. एवढं पिस्तुलानं केलेलं नाही.

मी हे तिला आणि तिच्या वडिलांना जसंच्या तसं सांगितलं. वडील नाराज झाले. सगळा दोष यंत्राचा निघाला असता तर त्यांना बरं वाटलं असतं. सरांना फोन केला तर ते म्हणाले, "म्हणजे मी सांगत होतो तेच." तेच नव्हतं. तीन महिने पोरीचा दम काढण्यापेक्षा एकदा पिस्तूल व्हाइसमध्ये धरून, थांबून थांबून पाच शॉट मारले असते तर हे रेंजवरच कळलं असतं. हेही मी त्यांना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, एवढं मानतो.

माझा अंदाज असा, की सुरुवात त्या सव्वादोन मिलिमीटरनं केली. गट वर सरकतोय हे तिच्या डोळ्यानं टिपलं, पुढच्या वेळी थांबल्यावर मनगटानं आधीच भीती धरली, आणि दोनाचे सोळा-सतरा मिलिमीटर तिथे झाले. सिद्ध करायला माझ्याकडे काही नाही. लेथवर पिस्टनचं टोक मी सरळ करू शकतो. तीन महिन्यांत हाताला लागलेली सवय किती दिवसांत सुटते, हे मला माहीत नाही.

मी तिला क्रोनोग्राफसमोर उभं केलं आणि म्हटलं, हवं तेवढं थांबून मार, आकडा तू स्वतः बघ. १५०. हात खाली, तीन मिनिटं. १५१. तिनं पाच मिनिटं थांबून पुन्हा मारला. १५०. मग वडिलांकडे वळून म्हणाली, "पप्पा, पंपाला ती फिल्टरची नळी आधी घ्यायची."

सरांना मी एक विनंती केलीय: तिच्या कार्डावर, न मारता हात खाली घेऊन सोडून दिलेल्या प्रत्येक शॉटची खूण करा. गुण बघू नका, महिनाभर फक्त त्या खुणा वाढतात का बघा. पहिल्या आठवड्याचं कार्ड त्यांनी पाठवलं. साठ शॉटमध्ये खुणा दोन.